दाराला अहो-जाहो

कोणतीही परकी भाषा शिकवणारं पुस्तक उघडा, दुसऱ्या-तिसऱ्या धड्यात घर असतंच. भिंत, खिडकी, टेबल, खुर्ची. माणूस रोज ज्या टेबलावर कोपर टेकतो, त्याचं नाव त्याच्या तोंडात आपोआप बसेल अशी लेखकांची भाबडी समजूत. युक्रेनियनच्या बाबतीत ही शुद्ध फसवणूक आहे. या भाषेतलं राजकारण त्या मानाने गरीब गाय. 'पार्लामेंत', 'देमोक्रातिया' असे ओळखीचे चेहरे तिथे भेटत राहतात. इंगा दाखवतं ते घर.

दारापासूनच बघा. दार म्हणजे 'द्वेरी'. द्वार आठवून आपण खूश होतो, पण हा शब्द कायम अनेकवचनी. एकुलतं एक दार असलं तरी 'दार बंद आहे' म्हणायची सोय नाही. 'द्वेरी झाचिनेनी', दारं बंद आहेत. म्हणजे दाराला अहो-जाहो करायचं. मोजायला गेलात तर आणखी पंचाईत: साधे 'द्वा', 'त्रि' चालत नाहीत, 'द्वोये द्वेरेय', 'त्रोये द्वेरेय' असं अशा कायम अनेकवचनी शब्दांना लागणारं वेगळंच मोजमाप लागतं. फाटक (वोरोता), जिना (स्खोदि), फर्निचर (मेब्ली), वॉलपेपर (श्पालेरि) आणि खिडकीचे गज (ग्राति) ही सगळी याच खानदानातली मंडळी. उंबरठा ओलांडेपर्यंत एकवचनाची हौस फिटते.

त्यातले गज जरा जपून. 'ग्राति' म्हणजे गज आणि 'ह्राति' म्हणजे खेळणे. फरक फक्त पहिल्या अक्षराचा, आणि ते अक्षरही नशिबाचं फिरलेलं: 'ग'साठीचं शेंडीवालं अक्षर सोव्हिएत राजवटीने १९३३मध्ये वर्णमालेतून काढून टाकलं, ते १९९०मध्ये परत आलं. घरात ते फारसं सापडत नाही. गज आणि दारापुढचा ओसरीवजा 'गानोक' एवढीच त्याची मालमत्ता. बाकी बहुतेक ठिकाणी बिनशेंडीचा 'ह'. जमीन 'पिद्लोहा', माळा 'होरिश्चे'. हा 'ह' मराठी माणसाला फुकट मिळालेला आहे, अगदी आपल्या 'हात'मधला. 'चमचा'तला च आणि 'जग'मधला जसुद्धा तिकडे जसेच्या तसे चालतात. खुर्चीच्या 'स्तिलेत्स'चं शेपूट आणि आरशाच्या 'द्झेरकालो'चं डोकं उच्चारायला आपल्याला वेगळा क्लास लावावा लागत नाही.

आघाताचं मात्र काही खरं नाही. 'झामोक'मध्ये 'झा'वर जोर दिला तर किल्ला, 'मो'वर दिला तर कुलूप. छापील मजकुरात आघाताची खूण नसते. ती शब्दकोशात आणि शाळेच्या पुस्तकात. वर तो जागाही बदलतो: एक खिडकी 'विक्नो' म्हणताना जोर शेवटी, अनेक खिडक्या 'विक्ना' म्हणताना सुरुवातीला. भिंतीचंही तेच, एकवचनी 'स्तिना'त जोर शेवटी आणि अनेकवचनी 'स्तिनि'त सुरुवातीला. म्हणून शब्द लिहून घेताना आघाताची रेघ त्याच क्षणी मारा. नंतर मारू म्हणणारे किल्ल्याची चावी शोधत बसतात.

आता टेबल. टेबल म्हणजे 'स्तिल', पण टेबलावर म्हणजे 'ना स्तोली'. मधला 'इ' गेला कुठे? नियम असा, की शब्दाचा अवयव (एका दमात उच्चारला जाणारा तुकडा) व्यंजनाने बंद होत असेल तर 'इ', आणि प्रत्यय लागून तो उघडला की जुना 'ओ' किंवा 'ए' वर येतो. 'दिम' (घर), पण घराचं 'दोमु'. 'पिच' (भट्टी), पण भट्टीत 'उ पेची'. कधी स्वर गायबच होतो: इमारत 'बुदिनोक', इमारतीत 'उ बुदिन्कु'. यावर नाक मुरडायचा आपल्याला अधिकार नाही. कापूस-कापसाला, माणूस-माणसाला करणारी माणसं आपण, सामान्यरूपात मुरलेली.

घरभर चिठ्ठ्या चिकटवायची पद्धत सगळेच सुचवतात. चिकटवा, पण नुसती प्रथमा लिहून नको. तशा चिठ्ठ्यांनी भिंतीला भिंत म्हणता येतं, भिंतीवर काहीही टांगता येत नाही. एका चिठ्ठीवर तीन ओळी: मूळ शब्द आघातासकट, षष्ठी, आणि 'ना' किंवा 'उ' लावून सप्तमी. लिंगानुसार तीन रंग. रंग लावताना मराठी लिंग विसरा. आपलं ते टेबल तिकडे तो, आपली ती खिडकी तिकडे ते. न्हाणीघराच्या दाराला चिठ्ठी लावताना शेवटचं अक्षर नीट बघा. 'उ वान्नीय' म्हणजे न्हाणीघरात, नुसतं 'उ वान्नी' म्हणजे टबात. टॉवेल कुठे आहे या प्रश्नाचं कोरडं उत्तर त्या एका 'य'वर अवलंबून आहे. बाथरूममधली चिठ्ठी वाफेने सुटते, तिला प्लास्टिकची पट्टी लावा.

सगळ्यात गोड सापळा 'घरी'चा. मराठीत घरी असतो आणि घरीच जातो, एकाच शब्दात काम. युक्रेनियनमध्ये असणं 'व्दोमा' आणि जाणं 'दोदोमु'. 'जातो'बरोबर 'व्दोमा' लावलंत तर तुम्ही घरातल्या घरात चालताय असा अर्थ निघतो. डॉक्टरांनी सांगितलं असेल तर ठीक.

आणि कुणाला तिकडे खोली भाड्याने घ्यायची असेल तर जाहिरातीत शयनगृहं शोधू नका. तिथे हॉलही खोलीतच धरतात आणि स्वयंपाकघर मोजत नाहीत. 'ओद्नोकिम्नात्ना' म्हणजे आपली वन आरके, 'द्वोकिम्नात्ना' म्हणजे वन बीएचके, 'त्रिकिम्नात्ना' म्हणजे टू बीएचके. 'पेर्शिय पोवेर्ख', पहिला मजला, हा आपला तळमजला. दमा असेल तर ही मोठी आनंदवार्ता. 'क्वार्तिरा' हा फ्लॅट, आणि 'क्वातिर्का' ही खिडकीतली हवेपुरती उघडणारी छोटी झडप. एक 'र' गळून एक 'क' शिरला, की झडपेचं भाडं विचारून बसाल. 'बातारेया' गरम आहे का, असं विचारलं तर मोबाईल चाचपू नका, भिंतीलगतच्या रेडिएटरची चौकशी आहे. त्यात गरम पाणी सोडण्याची व्यवस्था म्हणजे 'ओपालेन्न्या'. ती भाड्यात धरली आहे का, हे सही करण्याआधी विचारा. शब्दाच्या शेवटी 'या' दिसला म्हणून तो स्त्रीलिंगी समजू नका, नपुंसकलिंगी आहे. जानेवारीचं बिल आलं की लिंग कुणाला आठवत नाही ते वेगळं.