हषर्वधर्नचं लग्न

लग्नसराईत घरबसल्या डीटीपी करणाऱ्या बाईच्या पोटात गोळा आणणारं एकच वाक्य आहे: "ताई, फाईल तयारच आहे, फक्त नावं बदलायची." हे वाक्य नवऱ्या मुलाचे मामा बोलतात. त्यांच्या खिशात पेनड्राइव्ह असतो आणि पेनड्राइव्हमध्ये थोरल्याच्या लग्नाची पत्रिका.

माझ्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरवर भाच्याने लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टीम टाकून दिलीय. लिहायला लिब्रे ऑफिस, चित्रांना इंकस्केप, सगळं रीतसर, चोरीच्या कॉपीची भीती नाही. मामांनी विचारलं, "कितीला पडलं?" "फुकट." मामांनी खुर्ची जरा मागे सरकवली.

फाईल उघडली. 'आमच्या येथे श्रीकृपेकरून'च्या जागी डॉलर, कंस आणि इंग्रजी अक्षरं. मामा म्हणाले, "व्हायरस!" कसला व्हायरस? जुने मराठी फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांना चढवलेले मुखवटे. फॉन्ट नसला की मुखवटा गळतो. युनिकोड म्हणजे जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत. तिच्या पहिल्याच आवृत्तीत, १९९१ साली, देवनागरीला स्वतःची जागा मिळाली. लिनक्सचा जन्मही त्याच सालचा. पण ही बातमी आमच्या तालुक्यातल्या पत्रिकांपर्यंत यायचीय.

मग जुन्या फॉन्टातला मजकूर युनिकोडमध्ये आणणारा कन्व्हर्टर. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप करतात आणि रफार नंतर. युनिकोडला दोन्ही नेमकं उलट लागतं. भोळ्या कन्व्हर्टरला हे कोण सांगणार? लग्नाचा 'मुहूतर्' निघाला. थोरल्याच्या पत्रिकेत नवरदेव म्हणून 'हषर्वधर्न' उभा राहिला, शेजारी 'कीतीर्'. दोन-दोन रफारांची नावं ठेवणाऱ्या आईबापांना डीटीपीवाल्यांची हाय लागत असणार. धाकट्याचं नाव अमोल निघालं, तेव्हा मी मनातल्या मनात देवाला नारळ बोलले.

मामांना रफाराशी देणंघेणं नव्हतं. त्यांचं बोट 'स्वागतोत्सुक'वर. दोन लग्नांच्या मधल्या काळात एक चुलते सरपंच झाले होते, एका मेव्हण्यांशी बांधावरून वाजलं होतं (ते काढायचे, नको, ठेवा, पण खाली ठेवा) आणि निमंत्रक आजोबा 'कै.' होऊन कृपाशीर्वादात गेले होते. 'फक्त नावं' म्हणतात ती हीच.

शेवटी सगळं नव्याने टाइप केलं. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्यांचा 'मुक्ता' लावला. देखणा आणि खुल्या परवान्याचा. मामा म्हणाले, "सातबाऱ्यासारखं दिसतंय." 'एक टाइप'चाच 'बालू' लावला. "हे बारशाचं." तिसऱ्या फॉन्टला मामींचा फोन आला म्हणून मंजुरी मिळाली.

पीडीएफ प्रेसला पाठवली. फॉन्ट आतच बसवलेले, म्हणजे आता कुणाचा मुखवटा गळायचा नाही. मी चहा टाकते तोच प्रेसवाल्याचा फोन: "ताई, पीडीएफ नको, बदल करता येतील अशी कोरलची फाईल द्या. मामा इथंच बसलेत. सरपंचांचं नाव मोठं करायचंय म्हणतात, आणि मेव्हणे काढायचेत."