ग्रुपवर वर्ग भरत नाही

प्राध्यापकांच्या ग्रुपांवर गेले काही दिवस एक मेसेज फिरतोय. मला तो चार जणांनी पाठवला. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: प्रत्येक वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढा, खिशातलं विद्यापीठ तयार. फोन सगळ्यांकडे आहे, खर्च शून्य, नोट्स कायम जवळ राहतात, शिक्षक चोवीस तास हाताशी आणि लाजरी मुलं बोलती होतात. मी तालुक्याच्या गावी बी.एस्सी.ला रसायनशास्त्र शिकवते, असे ग्रुप सात वर्षं चालवतेय. या पाचांतलं एकही म्हणणं मला जसंच्या तसं पटत नाही.

ग्रुप बंदच करा, असंही मी म्हणत नाही. प्रॅक्टिकलची बॅच बदलली, परीक्षा फॉर्मची मुदत वाढली, हे कळवायला दुसरं इतकं सोयीचं साधन नाही. ‘अ‍ॅडमिन व्हाल तर गुन्ह्यात अडकाल’ ही भीतीही उगाच पसरवली जाते. सदस्याने काही आक्षेपार्ह टाकलं आणि त्यात अ‍ॅडमिनचा हात किंवा आधी ठरवलेला बेत नसेल, तर त्याला जबाबदार धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्येच सांगितलंय. माझा आक्षेप ‘विद्यापीठ’ या शब्दाला आहे.

पहिलं, फोन सगळ्यांकडे आहे. २०१७-१८च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भागात शंभरातल्या जेमतेम पंधरा घरी इंटरनेट होतं. तेव्हापासून चित्र खूप पालटलं, ते मी रोज बघते. पण घरात फोन असणं आणि मुलीच्या हातात फोन असणं यात फरक आहे. प्रवेशाच्या अर्जावर पुष्कळ मुली वडिलांचा नाहीतर भावाचा नंबर लिहितात. मी दुपारी टाकलेला प्रश्नसंच वडिलांसोबत शेतात असतो, मुलीला तो रात्री जेवणं झाल्यावर दिसतो, तोही दिसला तर.

आणि जिचा स्वतःचा फोन आहे तिचं काय होतं, याबद्दल त्या मेसेजमध्ये चकार शब्द नाही. दोन वर्षांपूर्वी मी ग्रुप काढला, तेव्हा साठ जणांना एकमेकांचे नंबर दिसू लागले. आठवड्याभरात एक मुलगी स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभी राहिली. रात्री अकरानंतर अनोळखी नंबरांवरून ‘हाय’ सुरू झालं होतं. तिने घरी सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर आधी फोन गेला असता आणि मागोमाग कॉलेजही. तो नंबर मी चव्हाट्यावर आणला होता, तिला न विचारता. त्या दिवसापासून सूचनांसाठी मी व्हॉट्सअ‍ॅपचं ‘चॅनल’ वापरते. ही सोय २०२३ मध्ये आली, आणि तिथे मुलांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. ज्यांनी अजून हा बदल केलेला नाही, त्यांनी कृपा करून आजच करावा.

खर्च शून्य? कॉलेजला शून्य, रिचार्ज मुलांच्या खिशातून. जुलै २०२४ मध्ये मोठ्या खासगी कंपन्यांनी दर वाढवले, तेव्हा माझ्या वर्गातली काही मुलं महिनाअखेरीस ग्रुपवरून गायबच व्हायची.

नोट्स कायम जवळ राहतात, हेही खरं नाही. फाइल वेळेत उतरवून घेतली नाही तर काही दिवसांनी ती उघडतच नाही, ज्याने पाठवली त्याच्याकडे परत मागावी लागते. शेवटच्या फेरीत प्रवेश मिळालेल्या मुलाला आधीचं सगळं आपोआप दिसत नाही. ज्याला दिसतं, तो वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या ढिगात स्पेक्ट्रोस्कोपी शोधत बसतो. धड्यांप्रमाणे साहित्य लावून ठेवायला मूडल हे सॉफ्टवेअर २००२ पासून फुकट मिळतं. ते बसवायला एक जाणकार माणूस आणि थोडी चिकाटी लागते, एवढंच.

चोवीस तास हाताशी असलेल्या शिक्षकाबद्दल एकच सांगते. रात्री साडेअकराला मी घाईत दिलेलं उत्तर एकदा चुकीचं होतं. सकाळी दुरुस्त करीपर्यंत ते दुसऱ्या तुकडीच्या ग्रुपवरही पोचलं होतं.

आता लाजरी मुलं. हे म्हणणं वरवर पटतं, म्हणूनच त्याबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं. ग्रुपवर बोलतात ती बहुतेक वर्गातही बोलणारीच असतात. बाकीची अंगठा दाखवतात. ‘मेकॅनिझम, म्हणजे अभिक्रिया टप्प्याटप्प्याने कशी घडते ते, समजलं का?’ असं विचारलं की तीस अंगठे येतात, आणि त्यातले किती खरे ते मला कळत नाही. ब्रोमोमिथेनवर हायड्रॉक्साइड हल्ला करतो, ही अगदी सुरुवातीची अभिक्रिया घ्या. इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातात ते आम्ही बाणाने दाखवतो. इथे तो बाण हायड्रॉक्साइडमधल्या ऑक्सिजनच्या इलेक्ट्रॉन-जोडीपासून निघून ब्रोमोमिथेनमधल्या कार्बनकडे जायला हवा. निम्मा वर्ग तो उलटा काढतो, कार्बनकडून हायड्रॉक्साइडकडे, कारण त्यांच्या मनात ‘धन ऋणाकडे धावतो’ हे पक्कं बसलेलं असतं. ही चूक वहीवर दिसते. मग मी विचारते, ‘इलेक्ट्रॉन कुणाकडे आहेत? मग निघणार कुठून?’ आणि मूल स्वतःच खोडरबर उचलतं. ग्रुपवर ही चूक येतच नाही. तिथे येतो हुशार मुलाच्या वहीतल्या बिनचूक उत्तराचा फोटो, आणि सगळे तो उतरवून घेतात.

गेल्या वर्षापासून मंगळवारी प्रॅक्टिकल संपल्यावर मी अर्धा तास लॅबमध्येच थांबते. मोबाइल बॅगेत, प्रत्येकाच्या हातात कोरा कागद. पहिल्या मंगळवारी पाच जण थांबले. त्यात एक मुलगा होता, ज्याने वर्षभरात ग्रुपवर एक अक्षर लिहिलं नव्हतं, नुसते अंगठे. त्याने उलटा बाण काढला, कागद माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाला, ‘मॅडम, मला हे पहिल्यापासूनच कळलेलं नाही.’