आमची गाडी बुक आहे

इलेक्ट्रिक गाडीचं बुकिंग मध्यरात्रीच करावं. दिवसाढवळ्या केलं तरी कंपनीची हरकत नसते. पण दुसऱ्या दिवशी ऑफिसात "काल रात्री बारा वाजून दोन मिनिटांनी" या शब्दांना जे वजन येतं, ते "जेवून जरा आडवा झालो होतो तेव्हा" याला कुठून येणार? गणपतीचं कोकण रेल्वेचं तिकीट काढलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. समोर लॅपटॉप, हातात मोबाइल, बायकोच्या हातात दुसरा मोबाइल, आणि ओटीपी नेमका आईच्या फोनवर, जो देवघरात चार्जिंगला लावलेला. महिंद्राने १४ फेब्रुवारी २०२५ला आपल्या दोन नव्या विजेच्या गाड्यांचं बुकिंग उघडलं, तेव्हा पहिल्याच दिवशी ३०,१७९ जणांनी नंबर लावला. ऐन व्हॅलेंटाइनला तीस हजार माणसं अशा गाडीला हो म्हणाली, जिच्याशी बहुतेकांची ओळख टेस्ट ड्राइव्हच्या दहा मिनिटांपलीकडे नसावी. आपल्याकडे लग्नंही अशीच ठरतात आणि निभतात, तेव्हा नावं ठेवायला जागा नाही.

मी कुठल्या कंपनीची बुक केली ते सांगत नाही. टोकन, म्हणजे बुकिंगला भरलेले पैसे, परत मागायची वेळ आली तर संबंध चांगले असलेले बरे.

टोकन परत मिळतं, हे वाक्य मात्र पाठ करून ठेवावं. घरात विषय निघाला की म्हणावं, "पैसे गेलेत कुठे, ठेवलेत." व्याजाचं कुणी विचारलं तर खिडकीतून बाहेर बघावं.

पैसे भरल्या क्षणी तुम्ही गाडीवाले झालात. हे लोकांच्या ध्यानात येत नाही आणि बिचारे डिलिव्हरीकडे डोळे लावून बसतात. अहो, मुंबईत बुक केलेल्या गाडीइतकी सोयीची गाडी दुसरी नाही. तिला पार्किंग लागत नाही. घाटकोपरच्या ट्रॅफिकमध्ये ती कधी अडकत नाही. हिंदमाताला कमरेएवढं पाणी भरलं तरी तिला काही होत नाही. तिच्यावर कबुतरं बसत नाहीत. आणि जगातली ही एकमेव इलेक्ट्रिक गाडी, जिची रेंज जाहिरातीत छापलीय तेवढीच्या तेवढी भरते. आमच्या चौथ्या मजल्यावरच्यांनी आमच्यानंतर दोन महिन्यांनी पेट्रोलची गाडी बघायला सुरुवात केली, घेतली, आणली, मारुतीला दाखवली आणि सोसायटीच्या गेटला घासलीसुद्धा. आमची अजून कोरी आहे.

वाट बघण्याची लाज वाटू लागली तर घरातल्या वडीलधाऱ्यांजवळ जाऊन बसावं. बुकिंग हा अलीकडचा शब्द. आमच्या घरी त्याला 'नंबर लावणे' म्हणतात. फोनला नंबर लावायचे, गॅसला लावायचे, बजाजच्या स्कूटरला तर लावायचेच, आणि तो लागायला दहा-दहा वर्षं जायची. आमच्या वडिलांनी स्कूटरला नंबर लावला तेव्हा ताई पाळण्यात होती, आणि स्कूटर दारात आली तेव्हा तिचं पुढे उभं राहून हँडल धरायचं वय निघून गेलं होतं. त्यांना मी मोठ्या दुःखाने सांगितलं, की चार महिन्यांचं वेटिंग आहे. "याला वेटिंग म्हणतात?" एवढं बोलून ते पेपर वाचू लागले. बजाजची चेतक स्कूटर २०२०पासून विजेवर मिळते, हे त्यांना मुद्दाम सांगितलं. त्यांचा एकच प्रश्न, "नंबर लावावा लागतो का?"

टाटांच्या नॅनोचं आठवत असेलच. २००९ साली दोन लाखांवर बुकिंग झालं आणि पहिल्या एक लाख गाड्यांसाठी सोडत काढावी लागली. म्हाडाच्या सोडतीवर पोसलेल्या मुंबईकराला त्यात नवल ते काय वाटणार. पण वाट बघण्याच्या शास्त्रातले खरे महामहोपाध्याय म्हणजे ३१ मार्च २०१६ला टेस्लाच्या मॉडेल थ्रीसाठी भारतातून हजार डॉलर भरणारे लोक. तेव्हाचे साधारण ६६ हजार रुपये. मुंबईत त्या कंपनीचं शोरूम उघडलं १५ जुलै २०२५ला, बीकेसीत, आणि तिथे विक्रीला उभी होती मॉडेल वाय, साठ लाखांच्या घरातली. मधल्या काळात पहिलीतलं पोर दहावीला बसलं. या मंडळींनी त्या नऊ वर्षांत किती लग्नांत, किती मुंजीत "आम्ही टेस्ला बुक केलीय" म्हणून घेतलं असेल, त्याचा हिशेब मांडा. ६६ हजारांत एवढी इभ्रत दुसरीकडे कुठे मिळते ते मला दाखवा. गाडी आली असती तर ही इभ्रत पहिल्या सर्व्हिसिंगलाच संपली असती.

शोरूमला दर आठवड्याला फोन करावा. त्याने गाडी लवकर येत नाही, पण शब्दसंग्रह वाढतो. "सर, गाडी अलॉट झालीय," असं कळलं की पेढे आणायला धावू नये. "कुठे आहे?" असं विचारावं. "सिस्टिममध्ये," असं उत्तर येतं. त्यानंतर ती ट्रान्झिटला जाते. मग यार्डात येते. यार्ड नक्की कुठे हे कुणीच सांगत नाही. भिवंडीच्या बाजूला हात केला जातो. पांढरा रंग घेतलात तर महिनाभर आधी, टॉप मॉडेल घेतलंत तर आणखी आधी, आणि सनरूफ, ॲक्सेसरीज आणि विमा त्यांच्याकडूनच घेतलात तर जवळजवळ कालच. प्रत्येक तारखेआधी 'टेंटेटिव्ह' लावायची पद्धत आहे. हा शब्द आमच्या घरात इतका रुळला, की आई आता कामवाल्या मावशींनाही "टेंटेटिव्ह किती वाजता येशील गं?" असं विचारते. मावशींचा अंदाज शोरूमपेक्षा नेहमीच अचूक निघतो.

तुमच्यासाठी नेमलेल्या रिलेशनशिप मॅनेजरशी फार जवळीक वाढवू नये. आमच्या वेटिंगमध्ये तिघे बदलले. पहिला मुलगा फार गुणी, दर सणाला शुभेच्छा पाठवायचा. तो दुसऱ्या कंपनीत गेला आणि तिथून त्याचा फोन आला, "सर, इकडे वेटिंग कमी आहे."

उशिराचं कारण विचारायला कचरू नका. फुकट शिक्षण मिळतं. एप्रिल २०२५मध्ये चीनने काही दुर्मीळ मूलद्रव्यांच्या आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध आणले, तेव्हा इथल्या मोटारवाल्यांची झोप उडाली, कारण विजेच्या बहुतेक गाड्यांच्या मोटरमध्ये हीच चुंबकं असतात. मोटर तापली तरी चुंबकाचा जोर टिकावा म्हणून त्यात डिस्प्रोसियम नावाचं यातलंच एक मूलद्रव्य घालतात. आमची गाडी खरंच त्या चुंबकापायी अडली होती की शोरूमच्या फाइलखाली, देव जाणे. पण कारण इतकं भारदस्त होतं, की मला तक्रार करवेना. सकाळी तलावाकाठच्या कट्ट्यावर वडील आता त्यांच्या निवृत्त मित्रांना डिस्प्रोसियम समजावतात. त्यांच्यापैकी एकांनी ते कुठल्या मेडिकलमध्ये मिळतं म्हणून विचारलं.

आता चार्जर बसवायला सोसायटीची एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला. हा विषय डिलिव्हरीआधी काढूच नये, पण मी काढला.

नियम साधा वाटतो. आपल्या पार्किंगमध्ये चार्जर बसवायचा, आपल्या मीटरवरून वायर आणायची, बिल आपण भरायचं. वार्षिक सर्वसाधारण सभेत मी हेच मांडलं: मीटर माझा, वायर माझी, पैसे माझे. सेक्रेटरींनी चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "भिंत कुणाची?" इथे माझं पाठांतर संपलं. मग एकेक शंका निघू लागली. उद्या सगळ्यांनीच अशा गाड्या घेतल्या तर? रात्री गाडीने पेट घेतला तर? हे विचारणाऱ्या काकांच्या पार्किंगमध्ये दोन जुने सोफे, रंगाचे डबे आणि दिवाळीतले उरलेले फटाके आहेत. मीटर रूमपासून माझी जागा चाळीस मीटर लांब; वायर वाटेत दोघांच्या जागेवरून जाणार. एक जण तयार झाले. दुसऱ्यांचा फ्लॅट गेली सहा वर्षं बंद आहे आणि ते कॅनडात आहेत. त्यांची संमती लेखी हवी, सही शाईची हवी. शेवटी एक उपसमिती नेमण्यात आली. गच्चीच्या गळतीसाठी २०१९ साली नेमलेली उपसमिती अजून बसते आहे, तिलाच हेही काम जोडून दिलं.

दादरचा मावसभाऊ आणि गोरेगावचा मित्र यांनी मनापासून सल्ले दिले, पण ते ऐकण्यात अर्थ नसतो. दादरला बेस्टची वीज, गोरेगावला अदानीची, आणि आम्ही मुलुंडकर मुंबईत राहून महावितरणचे. वीज तीच, फॉर्म वेगळा. साइट सर्व्हेला आलेल्या मुलाने पार्किंगमधल्या प्लगला यंत्र लावलं आणि मान हलवली. अर्थिंग नीट नाही. असं असलं की चार्जर लाल दिवा दाखवतो आणि हटून बसतो. त्याच प्लगवर वॉचमनचा पंखा, चहाची शेगडी आणि गणपतीची अख्खी रोषणाई चालत आलीय, हे मी त्याला सांगून बघितलं. त्याने पंख्याकडे जरा आदराने पाहिलं आणि लांब उभा राहिला. चौथ्या मजल्यावरच्यांचा तोडगा असा, की आमच्या तिसऱ्या मजल्याच्या स्वयंपाकघरातून एक्स्टेंशन खाली सोडावी. साध्या १५ अँपिअरच्या प्लगवर ४५ किलोवॅट-अवरची बॅटरी पूर्ण भरायला चौदा-पंधरा तास लागतात. म्हणजे रात्री आठला कुकर उतरवून प्लग गाडीला द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी जेवण अकरानंतर. बायको म्हणाली, चालेल, पण स्वयंपाक तू करायचास.

नातेवाईक एकच प्रश्न विचारतात: एकदा चार्ज केली की किती जाते? इथे कंपनीचा आकडा सांगावा. तो आकडा प्रयोगशाळेत रोलरवर चाकं फिरवून काढलेला असतो. तिथे खड्डे नसतात, आंबेनळीसारखा घाट नसतो आणि मागच्या सीटवर "एसी वाढव" म्हणणारे साडू नसतात. स्थळाच्या पत्रिकेतल्या पगारासारखा तो घ्यावा, तीस टक्के कापून. आमचं गाव चिपळूणजवळ, म्हणजे अडीचशे किलोमीटरच्या आतबाहेर. गाडी पोचेल. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११पासून चाललंय, त्यामुळे रस्ता पोचेल का, एवढीच धाकधूक. गाडी आणि रस्ता, दोन्ही बुकिंग घरात एकाच वहीत लिहिलीत.

फायदेही सांगत राहावे, नाहीतर लोकांना वाटतं आपण पस्तावलो. नंबरप्लेट हिरवी, त्यावर पांढरी अक्षरं. एमएच ०३च्या पुढे काय यावं यावर आमच्याकडे दोन रविवार गेले. ऑगस्ट २०२५पासून अटल सेतूवर इलेक्ट्रिक गाडीला टोल माफ आहे, एका फेरीचे २५० रुपये वाचतात. मुलुंडहून पनवेलला जायला ऐरोलीचा पूल समोर आहे. पण माफी मिळतेय म्हटल्यावर आधी उलटं शिवडीला जायचं आणि तिथून अटल सेतूने पनवेल गाठायचं, असं वडिलांनी ठरवून टाकलंय. त्यात वीस-पंचवीस किलोमीटर जास्त पडतील. पण अडीचशे रुपये आहेत हो.

आणि मग एक दिवस फोन येतो. हा दिवस पितृपक्षातलाच असतो.

"सर, अभिनंदन! गाडी शोरूमला आलीय. परवा डिलिव्हरी घेऊन टाका. केक, हार, सगळं आमच्याकडून."

इथे हुरळून जाऊ नये. इतके महिने जे शिकलात ते आता कामाला येतं. घसा साफ करावा, आणि जरा थांबून, समोर स्क्रीनवर काहीतरी तपासतोय अशा सुरात म्हणावं, "बघतो हं. परवा तर नाही जमणार."

"मग सर, घटस्थापनेला?"

"घटस्थापना टेंटेटिव्ह धरा."

"सर, नक्की तारीख द्या ना. इथे जागा अडकलीय. मॅनेजर रोज विचारतात."

"तुमची रिक्वेस्ट सिस्टिममध्ये आहे," म्हणावं. "आमच्याकडून सगळं क्लिअर आहे, फक्त एनओसी ट्रान्झिटला आहे. कॅनडाहून निघालीय. लॉजिस्टिकचा जरा इश्यू आहे, आमच्या हातात नाही."

पलीकडे थोडा वेळ शांतता असते. मग तो मुलगा अगदी हळू आवाजात विचारतो, "सर, साधारण किती दिवस?"

"तुम्ही पुढच्या आठवड्यात एक फोन करा," असं म्हणावं, आणि नवरात्रीच्या शुभेच्छा आगाऊ देऊन ठेवाव्या.