बोटं बधीर होणं म्हणजे लेप लागू पडणं नव्हे

परवा रात्री साडेदहाला दादाचा फोन आला. आत्याला दवाखान्यातून सोडवून हाडवैद्याकडे न्यायचं म्हणत होता. आत्या चार दिवसांपूर्वी ओल्या पायरीवरून पडली. नडगीचं हाड घोट्याच्या अगदी वर मोडलंय, चीर सांध्यापर्यंत गेलीय. पायाला बाहेरून रॉड लावलेत, मुख्य ऑपरेशन सूज उतरल्यावर. हे सगळं नीट चाललेलं असताना कुणीतरी घरच्या ग्रुपवर ‘नडगी मोडली? ऑपरेशन टाळा!’ हा मेसेज टाकला आणि घरच्यांचा धीरच सुटला.

त्यातलं सगळ्यात घातक वाक्य हे: ‘कामट्या लावून पट्टी करकचून बांधा, बोटं बधीर झाली की लेप लागू पडला समजा.’ हे वाचून माझा संताप झाला. पोटरीचे स्नायू न ताणणाऱ्या आवरणांच्या कप्प्यांत बसलेले असतात. हाड मोडलं की आत रक्त साठतं, सूज येते, कप्प्यातला दाब चढतो. त्यावर बाहेरून आवळलं की रक्त पोचेनासं होतं. बधिरपणा म्हणजे नस गुदमरतेय. सहा-आठ तास असेच गेले तर स्नायू कायमचे मरतात. याला कंपार्टमेंट सिंड्रोम म्हणतात. घट्ट पट्टीने गँगरीन होऊन पाय कापावे लागल्याच्या नोंदी भारतातल्या आणि आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी वर्षानुवर्षं केल्या आहेत. गोळी घेऊनही वाढत जाणारी कळ, बोट नुसतं हलवलं तरी असह्य ठणका, मुंग्या, बधिरपणा, यांतलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. पट्टी असो की प्लास्टर, लगेच सैल करून घ्या. पावलात नाडी लागते म्हणून निर्धास्त राहू नका, ती बऱ्याच उशिरापर्यंत लागत राहते.

पुढे म्हणे, ‘आधी बाहेर रॉड, मग पुन्हा ऑपरेशन, हा बिल वाढवायचा धंदा.’ दादाला हेच पटलं होतं. त्याला म्हटलं, स्वतःच्या नडगीवरून आतल्या बाजूने हात फिरव. कातडी आणि हाड, मधे मांस जवळजवळ नाहीच. सुजून तकतकीत झालेल्या, फोड आलेल्या कातडीला छेद दिला तर जखम मिटत नाही, हाडावर स्क्रूने बसवलेली धातूची प्लेट उघडी पडते, पू होतो. घाईने लगेच प्लेटा बसवून हे अनुभव आल्यावरच सर्जन थांबायला शिकले. १९९९ साली अमेरिकेतल्या सर्जनांनी ही दोन टप्प्यांची पद्धत सविस्तर मांडली. बाहेरच्या रॉडने हाड लांबीत धरायचं, कातडीवर पुन्हा सुरकुत्या दिसू लागेपर्यंत थांबायचं. त्याला साधारण दहा दिवस लागतात, कधी दोन-तीन आठवडेही.

‘आतला रॉडच खरा, प्लेट म्हणजे कमिशन.’ आतला रॉड म्हणजे हाडाच्या पोकळीतून घातलेली सळी. याला उत्तर आहे. ब्रिटनमधल्या २८ रुग्णालयांत ३२१ रुग्णांवर झालेली फिक्सडीटी ही चाचणी २०१७ मध्ये ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. घोट्याजवळ मोडलेल्या, पण सांध्यात न गेलेल्या नडगीसाठी आतला रॉड आणि प्लेट यांची तुलना होती. तीन महिन्यांनी रॉडवाले थोडे पुढे होते, सहा महिन्यांनी लक्षणीय फरक उरला नव्हता. म्हणजे निवड हाड कसं मोडलंय यावर. आत्याचं सांध्यात गेलंय. सांध्याचा पृष्ठभाग जुळवायचा असेल तर नुसता आतला रॉड सहसा पुरत नाही.

‘तीन महिने पाय जागचा हलवू नका’ हेही चूक. भार टाकायचा नाही, हे खरं. प्लेटनंतर साधारण सहा ते बारा आठवडे, एक्स-रे पाहून डॉक्टर सांगतील तेव्हाच. पण बोटं, गुडघा आणि परवानगी मिळताच घोटा हलवायचाच. नाहीतर सांधा आखडतो, शिरेत गुठळी होण्याचा धोका वाढतो. मेसेजमध्ये हाडजोडीची वेलही सुचवलीय. तिने सरकलेले तुकडे जागेवर येत नाहीत, एवढंच त्याबद्दल. आणि तंबाखूबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही, जी हाड जुळणं खरोखर लांबवते.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. ‘प्रत्येक मोडलेल्या नडगीला ऑपरेशन लागत नाही’ हे त्यातलं वाक्य खरं आहे. हाड जागेवरून सरकलं नसेल तर प्लास्टरमध्येही जुळतं. पण ते एक्स-रे, आणि सांध्याचा संशय असेल तर सीटी स्कॅन बघून ठरवायचं असतं.

काल आत्याच्या पायावर पहिल्या बारीक सुरकुत्या दिसल्या. दादाने फोटो पाठवला.