कुलूप शाबूत होते, चौकट सुटली: आपल्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या सुट्टीत आपण गावी असताना आपल्या फ्लॅटमध्ये घरफोडी झाली. आमच्याकडून घेतलेले महागडे मॉर्टाइज (दरवाजाच्या जाडीत बसवायचे) कुलूप चोराने हातोडीने ठोकायच्या किल्लीने काही सेकंदांत उघडले असणार, अशी तक्रार करून आपण एकच तारा दिला आहे आणि पूर्ण पैसे परत मागितले आहेत. आपल्या नुकसानीचे मनापासून वाईट वाटते. परंतु कुलपाविषयीचे आपले अनुमान आम्हांला मान्य नाही, आणि हे उत्तर इतर ग्राहकही वाचतील म्हणून कारणे सविस्तर मांडत आहे.

पंचनामा झाल्यावर आपल्याच सांगण्यावरून आमचा कारागीर दरवाजा पाहून गेला. कुलपाचा बोल्ट, म्हणजे किल्ली फिरवल्यावर बाहेर येणारा दांडा, तेव्हाही पूर्ण बाहेर आलेला, सरळ आणि शाबूत होता. बोल्ट जिच्या खाचेत अडकतो ती चौकटीतली पट्टी मात्र उपटून लोंबत होती, तिचे अर्ध्या इंचाचे दोन्ही स्क्रू लाकडाच्या भुशासकट बाहेर आले होते आणि चौकटीच्या कडेवर कटावणी रुतल्याची खूण स्पष्ट दिसत होती. ठोकायच्या किल्लीच्या सगळ्या खाचा सर्वांत खोल पातळीपर्यंत कापलेल्या असतात. तिच्यावर ठोका बसला की आतल्या पिना क्षणभर उडतात आणि तेवढ्यात सिलिंडर (कुलपाचा किल्ली घालायचा भाग) फिरवता येतो. ही पद्धत खरी आहे आणि साध्या पिनांच्या कुलपांवर ती चालतेही. पण त्या मार्गाने कुलूप उघडले असते तर बोल्ट आत गेलेला दिसला असता आणि चौकट फोडण्याची गरजच उरली नसती.

कुलूप बसवताना आमच्या कारागिराने जाड पोलादी पट्टी आणि चौकटीच्या लाकडात खोलवर जाणारे तीन इंची स्क्रू सुचवले होते. सागवानी चौकटीचे पॉलिश खराब होईल म्हणून आपण जुनीच पट्टी ठेवायला सांगितलीत, आणि तशी नोंद बिलाच्या प्रतीवर आपल्या सहीनिशी आहे. बोल्ट कितीही दणकट असला तरी कटावणीचा सगळा जोर शेवटी त्या पट्टीच्या स्क्रूंवरच येतो.

कोणतेच कुलूप उघडता येणार नाही, असा दावा आम्ही ग्राहकांपुढे करत नाही. १८५१ साली, लंडनमध्ये महाप्रदर्शन भरले असताना, हॉब्ज या अमेरिकन कुलूपतज्ज्ञाने अभेद्य मानली जाणारी चब आणि ब्रामा ही दोन्ही कुलपे उघडून दाखवली होती. अर्थात ब्रामासाठी त्याला ५१ तास खर्चावे लागले, आणि सोसायटीच्या जिन्यात उभ्या असलेल्या चोराला इतकी सवड नसते.

पैसे परत करता येणार नाहीत, कारण वस्तूत दोष आढळलेला नाही. मात्र आपण अभिप्रायासोबत जोडलेले छायाचित्र पाहून एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. घरफोडीनंतर आपण दुसरीकडून जे नवे कुलूप बसवून घेतले आहे, त्याचा सिलिंडर हँडलच्या प्लेटबाहेर जवळजवळ बोटाच्या रुंदीइतका आला आहे. असा सिलिंडर त्याला कुलपात धरून ठेवणाऱ्या मधल्या स्क्रूच्या भोकापाशी सर्वांत नाजूक असतो, आणि बाहेर आलेला भाग पकडीत सापडला तर तो तिथेच मोडतो. तो प्लेटबाहेर दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त नसावा. शिवाय खाली दूध आणायला जातानाही दरवाजा नुसता ओढून न घेता किल्ली फिरवून बोल्ट बाहेर काढत जावा. ओढून घेतलेला दरवाजा केवळ स्प्रिंगच्या जिभेवर अडलेला असतो.

जाड पट्टी आणि लांब स्क्रू आम्ही मजुरी न घेता बसवून देऊ, केवळ सामानाचे पैसे द्यावे लागतील. सिलिंडर बदलायचा असेल तर मधल्या स्क्रूच्या केंद्रापासून आतल्या व बाहेरच्या प्लेटच्या पृष्ठभागापर्यंतची दोन्ही मापे मिलिमीटरमध्ये वेगवेगळी घेऊन यावीत, कारण दोन्ही बाजू सारख्या असतीलच असे नाही आणि सिलिंडर पाच-पाच मिलिमीटरच्या फरकाने मिळतात.