हातात की बुडाखाली?

साठला नुसती कुरबुर, पासष्टला रणकंदन आणि पंचाहत्तरला पुन्हा सगळं शांत. गाडीचा स्वभाव रेसच्या ट्रॅकवरून आल्यापासून असा झाला होता. हे आकडे मैलांतले आहेत आणि आमच्या कॅलिफोर्नियातल्या बहुतेक हायवेंवर वेगमर्यादा पासष्टच आहे. म्हणजे गाडीचं सरळ म्हणणं होतं की एकतर कायदा मोड, नाहीतर थरथरत बस.

गाडी म्हणजे माझदाची एमएक्स-५, इकडच्या लोकांच्या तोंडी मिआटा. दोनच सीट आणि टप उघडणारा. डिकी अशी की भोपळा ठेवला तर कोथिंबीर मांडीवर घ्यावी लागते. चाळिशीत माणसं गुडघे दुखतात म्हणून उंच गाडी घेतात, मी जमिनीला टेकलेली घेतली. त्यावर बायकोचं एकच वाक्य झालं होतं, "उतरताना मला हाक मारू नकोस."

तर फेब्रुवारीअखेर एका रविवारी मी ही गाडी घेऊन विलोजजवळच्या थंडरहिल ट्रॅकवर गेलो. आमच्या सॅन होजेहून पहाटे निघालं तर तीन तास लागतात. सॅक्रामेंटोच्या उत्तरेला भाताची शेतं सुरू झाली, की आलोच म्हणायचं. तीन मैलांचा ट्रॅक, पंधरा वळणं. पैसे भरायचे, हेल्मेट घालायचं आणि वीस-वीस मिनिटं गाडी पिदडायची. घरून निघताना बायकोने विचारलं होतं, "धोका नाही ना?" मी म्हणालो, "छे! रस्त्यापेक्षा सुरक्षित. समोरून कोणी येतच नाही."

समोरून कोणी आलं नाही, हे खरं आहे. घरी येऊन मी तेवढंच सांगितलं.

परतीच्या वाटेवर स्टिअरिंग थरथरायला लागलं तेव्हा मी मनाची समजूत घातली. ट्रॅकवर टायर तापून चिकट होतात, तिथे पडलेले रबराचे कपटे त्यांना गोचिडासारखे चिकटतात आणि रस्त्यावर पन्नासेक मैल चाललं की झिजून जातात. हे खरंच असतं. पन्नास मैल झाले, शंभर झाले, घर आलं. थरथर आहे तिथेच.

सोमवारी मी कोल्हापूरच्या मित्राला गाठलं. ऑफिसात तो डेटाबेस बघतो, पण गाडीतलं सगळं आपल्याला कळतं असा त्याचा पक्का समज आहे. त्याने स्टिअरिंगला हातही न लावता निदान केलं. "भावा, डिस्क वाकली. ब्रेक तापवलेस आणि डिस्क वाकली."

मी म्हणालो, "अरे, ब्रेक मारताना काहीच होत नाही. सरळ जाताना होतं."

"सुरुवातीला असंच असतंय."

खरं म्हणजे डिस्क अशी सहसा वाकत नाही. ब्रेक लालबुंद तापलेले असताना गाडी उभी करून पेडल दाबून धरलं, की पॅडचा लेप डिस्कवर एका जागी जाड बसतो आणि मग ब्रेक मारला की पाय धडधडतो. लोक त्यालाच वाकणं म्हणतात. लेप सारखा करायचा असेल तर साठवरून दहापर्यंत जोरात ब्रेक, पूर्ण थांबायचं नाही, पुन्हा साठ, असं आठ-दहा वेळा करायचं. माझं दुखणं हे नाही हे मला माहीत होतं. तरीही बुधवारी पहाटे साडेपाचला, गोदामांमागच्या रिकाम्या रस्त्यावर मी ते केलं, कारण काहीतरी केल्याचं समाधान लागतं. कुत्र्याला फिरवणाऱ्या एका बाई पहिल्या तीन फेऱ्या नुसत्या बघत होत्या. चौथ्या फेरीला त्यांनी कुत्र्याला उचलून घेतलं. सहाव्या फेरीला खिशातून फोन काढला, तेव्हा मी लेप पुरेसा सारखा झाला असं मानून घरी आलो.

संध्याकाळी अण्णांना फोन लावला. अण्णा म्हणजे माझे वडील, एसटीच्या वर्कशॉपात तीस वर्षं होते. इंजिन मिरजेत चालू झालं तर सांगलीत बसून कुठला नोझल गेलाय ते सांगतील, अशी घरात आख्यायिका आहे. आमची संध्याकाळ म्हणजे त्यांचा सकाळचा चहा. बशीचा आवाज आला, मग ते बोलले.

"हातात का बुडाखाली?"

"काय?"

"थरथर. हातात येतीया का बुडाखाली? हातात असली तर पुढचं चाक, बुडाखाली असली तर मागचं."

"हातात."

"न्यूट्रल टाकून बघितलंस? न्यूट्रलला थांबली तर इंजिनाकडचं, नाही थांबली तर चाकाचं."

बघितलं होतं. थांबत नव्हती. एवढंच कशाला, मी फोन डॅशबोर्डवर ठेवून कंपनं मोजणारं अॅपसुद्धा चालवलं होतं. आमच्या टायरचा परीघ एक मीटर चौऱ्याण्णव सेंटिमीटर. पासष्ट मैलांना चाक सेकंदाला पंधरा वेळा फिरतं आणि अॅपवरची सगळ्यात उंच रेघ बरोबर पंधरावर होती. हे अण्णांना अभिमानाने सांगितलं. ते म्हणाले, "मग? चाक हललं की चाक हलतंय हे कळायला मशीन कशाला लागतंय?"

मग त्यांनी तो प्रश्न विचारला. "कुठं आपटलास का?"

फोन स्पीकरवर होता. बायको तीन फुटांवर भेंडी चिरत होती. मी म्हणालो, "नाही हो अण्णा. कुठे आपटणार?"

यात खोटं एक अक्षर नाही. मी कुठेच आपटलो नव्हतो. थंडरहिलचं दुसरं वळण हे लांबच लांब डावं वळण आहे, संपता संपत नाही. मला वाटलं संपलं, म्हणून मी अॅक्सिलरेटरवर पाय दिला. वळण संपलं नव्हतं. गाडी उजवीकडे सरकत सरकत डांबर सोडून गवतात गेली. आदल्या आठवड्यात पाऊस झालेला. तिथे तिने स्वतःभोवती एक संथ, भारदस्त गिरकी घेतली आणि ट्रॅककडे तोंड करून उभी राहिली. चारही चाकं बाहेर गेली की काळा झेंडा मिळतो, म्हणजे ट्रॅक सोडून पिटमध्ये, गाड्यांच्या थांब्यावर, यायचं. मला मिळाला. पिटमध्ये एका आजोबांनी गाडीला वळसा घालून बघितलं, माझ्याकडेही बघितलं आणि विचारलं, "बाहेरचं गवत आवडलं का?" पुढच्या वीस मिनिटांच्या फेरीत मी पुन्हा गेलो, ब्रेक चांगले तापवले आणि मनातून तो प्रसंग पुसून टाकला. त्याला आपटणं कसं म्हणणार?

मागून आईचा आवाज आला, "त्याला म्हणावं हात थरथरत असतील. बी-१२ करून घे. शेजारच्यांचं असंच झालेलं."

अण्णा म्हणाले, "चाक तोलून घे आधी."

गुरुवारी टायरवाल्याकडे गेलो. दुकानातल्या पोराच्या दोन्ही कानांत गाणी होती. पुढचं उजवं चाक त्याने मशीनवर चढवलं, फिरवलं, आणि आकडा आला साडेतीन औंस. म्हणजे जवळजवळ शंभर ग्राम. बाकीच्या तीन चाकांना मिळून एक औंससुद्धा लागला नव्हता. पोराला यात काही वावगं वाटलं नाही. त्याने पाव-पाव औंसाचे चौदा तुकडे रिमच्या आतल्या बाजूला ओळीने चिकटवले. राखाडी मण्यांची पोतच. पुन्हा फिरवलं, आकडा शून्य. मी पैसे दिले आणि पासष्टने घरी आलो. स्टिअरिंग असं निवांत, की एका बोटाने धरावं. अण्णांना कळवलं. त्यांनी विचारलं, "किती शिसं लागलं?" मी म्हणालो, "अण्णा, कॅलिफोर्नियात २०१० पासून चाकाला शिसं लावायला बंदी आहे. इथे लोखंडाचे तुकडे लावतात." मूळ प्रश्नाचं उत्तर या ज्ञानप्रदर्शनात राहूनच गेलं.

पुढचे काही दिवस सुखाचे गेले. मग पाडवा आला.

पाडव्याला वाहन धुऊन पुसून हार घालायचा, हा आमच्या घरचा नियम आहे. एसटीवाल्याच्या घरात तो दिवाळीपेक्षा कडक. सकाळी नाणी टाकून पाण्याचा फवारा मिळतो त्या जागी गेलो आणि गाडी अशी धुतली, की नवी दिसावी. चाकांच्या आऱ्यांतून फवारा आत घालून घालून धुतलं. काळं पाणी आलं, तांबडं आलं, मग स्वच्छ आलं. हार घातला, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. फोटो काढून घरी पाठवला.

दुपारी मंडळाचा पाडवा. आमच्याकडे मठ्ठ्याचं काम होतं. स्टीलचं मोठं भांडं डिकीत उभं बसेना, म्हणून ते बायकोच्या मांडीवर, पैठणीवर टॉवेल आणि टॉवेलवर भांडं. हायवेला लागलो. पंचावन्न, साठ... आणि पासष्टला भांड्याचं झाकण वाजायला लागलं.

"हे काय?" बायको म्हणाली.

"रस्ता खराब आहे."

"कालपर्यंत चांगला होता."

झाकण ताशासारखं तडतडत होतं. स्टिअरिंगच्या हादऱ्याने माझं घड्याळ मनगटावरून कोपराकडे निघालं होतं. बायकोने झाकण जरा उचलून आत बघितलं. मठ्ठ्यावर आडव्या बारीक लाटा, काठाला फेस. ती शांतपणे म्हणाली, "अजून दहा मैल असाच गेलास तर वर लोणी येईल. वाटेत एखादी बरणी घेऊ या."

उरलेला रस्ता पंचावन्नने काढला. ट्रक आम्हाला मागे टाकून जात होते आणि त्यांचे ड्रायव्हर बॉनेटवरच्या स्वस्तिकाकडे कुतूहलाने बघत होते.

रात्री पुन्हा अण्णा. या वेळी व्हिडिओवर, कारण बायकोने सांगितलं की आता जे काही बोलायचं ते चाकासमोर बोला.

"आधी जेवढी होती तेवढीच आली का कमी-जास्त?" अण्णांनी विचारलं.

"तेवढीच. त्याच वेगाला."

"वजनं पडली असतील."

"नाहीत पडली. आरपार दिसताहेत. चौदाच्या चौदा आहेत."

"चौदा?" बशी खाली ठेवल्याचा आवाज आला. "एका चाकाला? म्हणजे किती?"

"शंभर ग्राम होतील."

थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. "लेका, मग त्यानं चाक नाही तोललेलं. चाकात जे होतं ते तोललंय. ते आता पडलं, वजनं राहिली. चाक काढ."

जॅक लावला, चाक काढलं, आडवं ठेवलं. बायकोने फोनचा दिवा आत धरला. राखाडी पोत जिथे होती त्याच्या बरोबर समोर, आतल्या खोबणीत, पोळपाटाएवढ्या लांबीचा एक तपकिरी डाग. त्याच्या एका टोकाला फवाऱ्याला दाद न दिलेला, भाजलेल्या विटेसारखा एक तुकडा. ब्रेकच्या आचेने तो खरोखरच भाजला होता. मी नखाने उचकटला. त्यात वाळलेल्या गवताच्या दोन काड्या होत्या.

आता हिशेब सोपा होता. शंभर ग्रामचा चिखल पासष्ट मैलांना चाकाला अठरा किलोच्या जोराने बाहेर ओढत होता, सेकंदाला पंधरा वेळा दिशा बदलून. टायरवाल्याच्या पोराने त्या चिखलाला समोरून तेवढंच लोखंड देऊन गप्प बसवलं. आणि पाडव्याला मी चिखल धुऊन टाकला, लोखंड ठेवलं.

अण्णा पडद्याजवळ आले. चष्मा कपाळावर. "काय आहे ते हातात? जवळ धर. ... गवत आहे का?"

"हो."

"तुझा तो ट्रॅक डांबराचा असतोय ना रे?"

मी चाकाकडे बघत राहिलो. बायको माझ्याकडे बघत होती. दिवा तिने चाकावरून हळूहळू माझ्या तोंडावर आणला.

"किती चाकं?" तिने विचारलं.

"...चार."

"आणि मग?"

"एक गिरकी. छोटी."

सांगलीहून अण्णांचा खोकला आला. खोकलाच होता असं मी धरून चालतो. मागून आई म्हणाली, "म्हणजे हात चांगले आहेत का त्याचे? तरी एकदा बी-१२ करून घ्यायला काय जातंय."

दुसऱ्या दिवशी त्याच दुकानात गेलो. पोर तेच, गाणी कानात तशीच. त्याने पोत उपटली, चाक फिरवलं. पाव औंस. एक मणी. उपटलेली पोत त्याने कचऱ्यात टाकायला घेतली, तेव्हा मी का कोण जाणे मागून घेतली. नटा टॉर्क रेंचने स्वतः आवळल्या आणि पन्नासेक मैलांनी पुन्हा तपासल्या, हे अण्णांनी दोनदा विचारून घेतलं.

पोत आता आमच्या फ्रिजवर आहे. लोखंडाची असल्यामुळे चुंबकाची टिकली लावली की दारावर बसते. बायको तिच्याखाली वाण्याची यादी अडकवते. परवा जेवताना मी सहज म्हणालो, मे महिन्यात थंडरहिलला एक तारीख आहे, अजून जागा दिसताहेत. ती काही बोलली नाही. उठली, फ्रिजचं दार उघडलं, जरा जोरातच. पोत वाजली.

"ताक देऊ?" ती म्हणाली.