पाच मित्रांना घेऊन ल माँला कसं जावं

परवा रात्री अकराच्या सुमाराला फोन वाजला. नवा व्हॉट्सॲप ग्रुप. नाव, 'ल माँ २०२५ यंदा पक्कं'. मला न विचारता ॲडमिन करून टाकलेलं. खाली पाच जणांचे पाच अंगठे आणि एक मेसेज : "तिकिटांचं तू बघ बे, तुला अनुभव आहे."

अनुभव आहे, हे खरं आहे. २०२४ ला जाऊन आलोय. म्हणूनच म्हटलं, तो सगळ्यांना वाटून टाकावा. फ्रान्समध्ये ल माँ या गावी १९२३ पासून जूनच्या आसपास चोवीस तासांची मोटार शर्यत होते. शनिवारी दुपारी चारला गाड्या सुटतात, रविवारी दुपारी चारला थांबतात. ती बघायला सोलापुरातून सहा जणांनी कसं जावं, याचं मार्गदर्शन करणारं मराठीत मला काही सापडलं नाही. तेव्हा पुढच्या सूचना नीट वाचा आणि फ्रिजवर चिकटवून ठेवा.

सुरुवात उच्चारापासून करावी. गावाचं नाव 'ले मॅन्स' की 'ल माँ' यावर किमान एक महिना घालवावा. प्राध्यापक मित्र असेल तर दोन.

मग तिकिटं. ज्याच्याकडं क्रेडिट कार्ड आहे आणि स्वाभिमान नाही, अशा माणसाची यासाठी निवड करावी. ही तिकिटं आदल्या वर्षीच विक्रीला निघतात आणि अलीकडं ती शर्यतीच्या कितीतरी आधी संपतात. २०२४ ला तीन लाखांवर माणूस होता तिथं. आत शिरायचं तिकीट वेगळं, स्टँडमधल्या खुर्चीचं वेगळं आणि तंबू ठोकायच्या जागेचं आणखी वेगळं. हे पाचही जणांना समजावून सांगावं. मग पुन्हा सांगावं. मग कुणीतरी विचारेल, "म्हणजे झोपायचे पण पैसे?" त्याला तिसऱ्यांदा सांगावं.

तिकिटं काढण्याआधी सगळ्यांचा होकार घ्यावा. आमच्याकडं तो नवरात्रात घेतला. 'मी फिक्स', 'मी शंभर टक्के', 'मी तर गेल्यातच जमा'. जानेवारीत होम मैदानावर गड्ड्याची जत्रा भरली तेव्हा आकाशपाळण्याखाली उभं राहून सगळ्यांनी पुन्हा शब्द दिला. तिकडं ल माँलाही ट्रॅकच्या कडेला असाच मोठा पाळणा असतो, असं मी म्हटलं, तर आमचा टॉवेलवाला एकदम गहिवरला. "रात्री बसायचं बे त्यात. खाली गाड्या, वर आपण." त्याच्या हातात भजी होती, डोळ्यांत पाणी होतं. मिरचीमुळं असावं, हे मला आता कळतंय.

पासपोर्टची मुदत मे महिन्यात तपासावी.

व्हिसाला पुण्याला जावं लागतं, बोटांचे ठसे द्यावे लागतात, बँक स्टेटमेंट लागतं. आमच्यात ते एकाच माणसाचं वेळेत तयार झालं नाही. तो सीए आहे.

आता पेयांचं नियोजन. हा भाग जरा लांबेल, कारण आमच्या ग्रुपवर तिकिटांविषयी दहा-बारा मेसेज आले असतील आणि पिण्याविषयी सातशे-आठशे. फेब्रुवारी ते मे फक्त हाच विषय. वर सांगितलेल्या सीएनं एक्सेल शीट बनवली. आडवे चोवीस तास, उभे सहा जण. चार ते सात बिअर. सात ते बारा 'मुख्य'. पहाटे तीन ते पाच 'गरजेनुसार'. चखण्याचा टॅब वेगळा. युरोपात शिरताना एका माणसाला एकच लीटर कडक दारू नेता येते, हे मी सांगितल्यावर 'सहा जण, सहा लीटर' असा हिशोब अर्ध्या मिनिटात झाला. बाहेरून मटण आणि दुधाचे पदार्थ आत नेऊ देत नाहीत, हे सांगितल्यावर मात्र दोन दिवस ग्रुपवर सुतक होतं. कंत्राटदारानं घरून सुकं मटण नेणार म्हणून जाहीर केलं होतं. शेवटी शेंगाचटणी आणि कडक भाकरीवर तडजोड झाली आणि तीन किलो चटणी आणायची जबाबदारी कुणाकडं आली, ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

मध्येच वातावरण जरा खेळाकडं वळावं म्हणून मी एक किस्सा टाकला. १९६७ साली ल माँलाच जिंकल्यावर डॅन गर्नी नावाच्या अमेरिकन चालकानं शॅम्पेनची बाटली हलवून समोरच्यांवर उडवली, आणि तेव्हापासून जगभरचे शर्यतवाले जिंकले की तेच करतात. त्यावर एकच उत्तर आलं : "वाया घालवली?"

तर त्या शीटमध्ये शेवटचा रकाना होता 'जमा'. माझ्या ओळीत आकडा. बाकीच्या पाच ओळींत सीएनं छान पिवळा रंग भरलेला. पिवळा म्हणजे 'येणे बाकी'. लाखाच्या घरातली रक्कम, नोव्हेंबरपासून माझ्या कार्डावर, आणि समोर पिवळाधमक रकाना. मी आठवण केली की आधी शांतता. मग कुणीतरी गुड मॉर्निंगचं फूल टाकणार. पुन्हा आठवण केली की 'जीपेचं लिमिट संपलंय'. रोज संपतं? 'एकदमच देतो की सगळे.' 'तू आधी फायनल हिशोब टाक.' टाकला. 'पीडीएफमध्ये टाक.' पीडीएफमध्ये टाकला. 'टॉवेलचं पेमेंट अडकलंय.' टॉवेलचं पेमेंट मी शाळेत होतो तेव्हापासून अडकलेलंच आहे! आणि सगळ्यात वरताण म्हणजे, 'आपल्यात कसला हिशोब बे?' हे वाक्य ज्याच्याकडं बाकी असते तोच कसा काय म्हणतो नेहमी? ज्यानं पैसे भरलेत त्याच्या तोंडून हे कधी ऐकलंय का कुणी? आपल्यात हिशोब नसतो तर पहाटे तीनला कोण किती पिणार, त्याचा हिशोब कसा होता? तो तर मिलिलीटरमध्ये होता!

असो. उपरोध. मी उपरोधानं लिहितोय.

गळतीचं नियोजनही आधीच करून ठेवावं. ती शेवटच्या पंधरवड्यात व्हायला हवी, म्हणजे तिकिटं दुसऱ्या कुणाला देण्याइतका वेळही उरत नाही. टॉवेलवाल्याचा पासपोर्ट संपलेला निघाला. प्राध्यापकांना ॲडमिशनची ड्युटी लागली. सीएचं वर आलंच आहे. कंत्राटदाराला जूनमध्ये कळलं की जूनमध्ये पेरणी असते. दातांच्या डॉक्टरला जूनमध्ये कळलं की जूनमध्ये शाळा सुरू होतात. त्याची मुलगी आठवीत गेली, म्हणजे हा शोध त्याला सात-आठ वेळा तरी आधी लागून गेला असणार.

इथं एक नियम सांगून ठेवतो. ल माँला एका गाडीला तीन चालक असतात. एकानं चोवीसपैकी चौदा तासांपेक्षा जास्त चालवायचं नाही, आणि कुठल्याही सहा तासांत चारपेक्षा जास्त नाही. माणूस थकतो, चुकतो, म्हणून. ग्रुप ॲडमिनला असा काही नियम नाही. मी नऊ महिने एकट्यानं चालवली.

कॅम्पिंगसाठी सोलापुरी चादर न्यावी. सहा माणसांची जागा, सहा माणसांचा तंबू, आत एक माणूस आणि तीन किलो चटणी, अशी व्यवस्था आटोपशीर होते. पॅरिसहून वेगवान रेल्वेनं तासाभरात गाव येतं, तिथून ट्राम थेट ट्रॅकपाशी सोडते. तंबू एकट्यानं उभा करायला मला अडीच तास लागले. एक खांब धरायला गेलो की दुसरा आडवा. शेवटी शेजारच्या तंबूतले इंग्रज आजोबा न बोलावता आले आणि टोक धरून उभे राहिले. ते, त्यांची दोन मुलं आणि एक नातू. दरवर्षी येतात म्हणे. पाणी कुठं, असं विचारल्यावर त्यांनी नळ दाखवला. सोडला तर पाणी! मी सवयीनं होत्या-नव्हत्या सगळ्या बाटल्या, पातेलं, चटणीचा एक रिकामा डबासुद्धा भरून तंबूत ओळीनं लावून ठेवला. नातू बघत होता. त्याला काय सांगणार, आमच्याकडं नळाला पाणी येणं हा सण असतो म्हणून?

आजोबांनी तंबूत डोकावून विचारलं, बाकीचे कधी येणार?

"येतायत," मी म्हणालो.

शनिवारी चारला फुटबॉलवाल्या झिनेदिन झिदाननं झेंडा फडकवला. बासष्ट गाड्या सुटल्या. त्यांचा आवाज कानांनी ऐकायचा नसतोच, तो छातीत येतो, पायाखालच्या मातीत येतो. साडेतेरा किलोमीटरचा ट्रॅक आहे, एक झुंड गेली की जरा शांत होतं आणि तोवर दुसऱ्या गाड्या येतात. २०१२ मध्ये करुण चंडोक याच ट्रॅकवर धावला, इथं चोवीस तासांच्या शर्यतीत उतरलेला पहिला भारतीय. हे मला कुणाला तरी सांगायचं होतं. बाजूला वळून सांगितलंही. बाजूला चटणी होती.

साडेसातला, म्हणजे सोलापुरात रात्रीचे अकरा, फोन वाजला. फोटो.

अक्कलकोट रोडचं शेत. कंत्राटदाराचं. ज्यात पेरणी होती ते. मधोमध पांढरा पडदा, त्यावर प्रोजेक्टरनं लावलेली ल माँची शर्यत. समोर पाच खुर्च्या. पाचही जण. मध्ये पातेलं, त्यातून वाफ निघतेय. फोटोखाली लिहिलेलं, "आम्ही पण ल माँ करतोय बे! तुझी कमी जाणवतेय." पेरणीवाला बसलेला. ॲडमिशनवाला बसलेला. शाळावाला डॉक्टर ग्लास उंच करून. तिकिटांच्याच ग्रुपवर वर सरकून बघितलं, तर त्याच सकाळी मटणाची कॉन्ट्री मागितली होती, माणशी बाराशे. दहा मिनिटांत पाचही जणांचे स्क्रीनशॉट. दहा मिनिटं! शीटमध्ये हिरवा रंग भरून झालेला. हिरवा रंगही होता तर तुमच्याकडं!

त्या रात्री पाऊस पडला. मृगाचा नव्हे, फ्रान्सचा. गार, तिरका. पहाटे तो इतका वाढला की सेफ्टी कारच्या, म्हणजे सगळ्यांना हळू चालवायला लावणाऱ्या पुढच्या गाडीच्या, मागं गाड्या चार तासांहून जास्त वेळ नुसत्या रांगेनं फिरत राहिल्या. ओली झालेली सोलापुरी चादर किती जड होते, माहितीये? मला माहितीये. तंबूच्या ज्या टोकाला मी खांब नीट ठोकला नव्हता तिथून पाणी आत आलं. त्या टोकाला दुसरा माणूस असता तर ठोकला गेला असता. मी 'गरजेनुसार'च्या वेळेत, म्हणजे पहाटे चारला, भरून ठेवलेल्या पाण्याच्या बाटल्यांच्या रांगेत उकिडवा बसून कडक भाकरी खात होतो. आजोबांनी चहा आणून दिला. ते "बाकीचे" काही बोलले नाहीत. त्यांना कळलं होतं.

रविवारी शर्यत संपायला दोनएक तास असताना पुढं असलेल्या पन्नास नंबरच्या फेरारीचं उजवं दार उघडं राहिलं. दार फडफडतंय म्हणून गाडीला आत बोलावलं, दार लावलं, सोडलं. तरी ती जिंकली. ३११ फेऱ्या, आणि मागच्या टोयोटापेक्षा फक्त चौदा सेकंद पुढं. मी ओरडत होतो. इंग्रज नातू ओरडत होता. त्याला मी उरलेली अडीच किलो चटणी देऊन टाकली. तुमच्या वाट्याची.

सोमवारी ग्रुपवर कुणीतरी विचारलं, "कोण जिंकलं?" म्हणजे शेतावर अकराचा फोटो काढून साडेअकराला झोपलात. आणि त्याच्याखाली लगेच यादी. येताना ड्युटी फ्रीमधून एक-एक बाटली. पाच जणांच्या पाच. ब्रँडसकट. भारतात एका माणसाला दोन लीटर आणता येते, हे तुम्हाला पाठ आहे, कारण ती शीट तुम्हीच बनवलीत!

आता तुम्ही म्हणजे वाचक नव्हे. तुम्ही पाच जण. हे वाचताय, मला माहितीये, सीए सगळं वाचतो. अरे, नसेल जमत तर नाही म्हणा ना! ऑक्टोबरमध्ये 'नाही जमणार बे' म्हटलं असतंत तर मी एकटं तिकीट काढलं असतं, एका माणसाचा तंबू घेतला असता आणि कुणाकडं खोटं बोललो नसतो. नाही म्हणायला पैसे पडत नाहीत. 'हो' म्हणायचे मात्र माझे पडलेत. पासपोर्ट संपलाय हे नवरात्रातही कळलं असतं. त्यावर तारीख लिहिलेली असते. पेरणी पण दरवर्षी असते आणि शाळा पण. नवीन काय घडलं होतं सांगा की!

आणि तुमच्याकडं पैसे नव्हते असं नाही. मान नव्हता. माझ्या वेळेचा मान, माझ्या कार्डाचा मान. तो असता तर मटणाआधी तो पिवळा रकाना दिसला असता.

नव्या ग्रुपमधून मी बाहेर पडलोय. जुना ठेवलाय, शीट त्यात आहे. पीडीएफही आहे. आणि जीपे चालू आहे, शनिवारी सकाळी बाराशे रुपये गेले तेव्हाही चालूच होतं.